नक्षीची कात्री, पोट्ट्यांची बोटं आणि तुमचे प्रश्न

यावेळी पत्रं आली ती जवळपास सगळी एकाच वस्तूबद्दल. कारण सरळ आहे, तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैलांचा लहान पोट्ट्यांचा पोळा, तोंडावर आला, घरोघरी माळ्यावरचे लाकडी नंदी खाली उतरून पुसणं सुरू झालं, आणि झूल, तोरण, पताका, बेगड हे सगळं कापाले ती लाटेच्या नाही तर झिगझॅग धारेची कात्री लागते, जी मग पोट्ट्यांच्याच हातात जाते. अर्धं आयुष्य वर्कशॉपात गेलं असल्यामुळं मला हा विषय निघाला की थांबता येत नाही, त्यामुळं एक उत्तर फारच लांबलं आहे, सांभाळून घ्या.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा, चौथीपर्यंत. पोळ्याच्या आधी पोरांकडून कागदाच्या झुली आन् पताका करून घेतो. मागच्या वेळी नक्षीच्या कात्र्या आणल्या, पूर्ण प्लास्टिकच्या, तं त्या कापतच नाहीत, पतंगी कागद पात्यात दुमडून बसते आन् पोट्टे मग दातानं फाडतात. स्टीलवाल्या घ्याव्या तं भीती वाटते. काय करावं? – एक शिक्षिका, दर्यापूर तालुका

उत्तर : ताई, पतंगी कागद इतका पातळ असतो की दोन पात्यांत केसाएवढी फट असली तरी तो तिच्यात घुसून दुमडतो, आणि प्लास्टिकचं पातं दाबलं की वाकतंच, म्हणजे फट होणारच. तीच कात्री जरा ताठ क्राफ्ट कागदावर बरी चालते. तोवर एक करा, पतंगी कागद जुन्या वहीच्या दोन पानांच्या मधात ठेवून तिन्ही एकदम कापा, नक्षी बऱ्यापैकी स्वच्छ येते.

पहिली-दुसरीले प्लास्टिकचीच राहू द्या. तिसरीपासून स्टीलच्या पात्याची द्यायला माझी हरकत नाही, पण दुकानात उभं राहून पाहून घ्या. टोक गोल पाहिजे आणि त्याच्यावर प्लास्टिक चढलेलं असलं तर आणखी चांगलं, लांबी पाच इंचाच्या आसपास, त्याहून मोठी लेकराच्या हाताला जड जाते. कात्री उजेडाकडं धरून हळूहळू मिटवा, एका पात्याची लाट दुसऱ्या पात्याच्या लाटेत नीट बसते का, का दात एकमेकांवर चढतात ते दिसतं. मग दोन्ही मुठी धरून आडवी हलवून पाहा, खिळ्यापाशी खडखड करत असेल तर तिथंच परत द्या, दुकानदार काहीही म्हणो. आणि सोबत पतंगी कागदाचा तुकडा घेऊन जा, कापून दाखव म्हणा.

वर्गात एवढंच पाहा की पोरगं अंगठा वर ठेवून धरते आहे आणि कात्री वळवायच्या ऐवजी कागद वळवते आहे.

प्रश्न : मी आयटीआयले टूल अँड डाय मेकर ट्रेडले आहो. मले प्रोजेक्टसाठी डिझाइनवाली कात्री बनवाची आहे जी लहान पोट्ट्यांले लागन नाही. सर म्हणतात धार कमी कर, मित्र म्हणतो टोक गोल कर न् संपव. मले वाटते एवढ्यानं होत नाही. कुठून सुरू करू? – विद्यार्थी, हिंगणघाट

उत्तर : भाऊ, तुझं बरोबर आहे, एवढ्यानं होत नाही. ड्रॉइंग काढायच्या आधी एक काम कर, तुमच्या गल्लीतल्या एखाद्या पोराला अशी कात्री आणि कागदाची लांब पट्टी दे आणि स्वतः बाजूला बसून नुसतं पाह्य, बोलू नको. साध्या कात्रीनं पोरगं सरळ कापत जातं, दुसरा हात कागदाच्या मागच्या टोकाला असतो. नक्षीच्या कात्रीत तसं होत नाही. एक कट झाला की पुढचा कट आधीच्या लाटेत बरोबर बसवावा लागतो, नाही तर नक्षी तुटते, आणि ते बसवायला पोरगं डोळे बारीक करून दुसऱ्या हाताची दोन बोटं अगदी पात्याच्या तोंडाशी आणतं, कागद चिमटीत धरून एखादा मिलिमीटर इकडं तिकडं सरकवतं, आणि तेवढ्यात उजवा हात मिटतो. बोट तिथं कापतं. म्हणजे बोट पात्याजवळ येण्याचं कारण आहे नक्षी जुळवणं, आणि ते कारण काढून टाकलं नाही तर तू धार कितीही बोथट केली तरी बोट तिथं येणारच आहे.

म्हणून माझ्या मते तुझ्या प्रोजेक्टचा जीव जुळवणीच्या खुणेत आहे. पात्याच्या बाजूला पारदर्शक प्लास्टिकची एक पट्टी दे, पॉलीकार्बोनेट चालेल, आणि तिच्यावर त्याच लाटेची रेघ कोरून रंग भर. आधी कापलेली लाट त्या रेघेखाली आली की झालं, चिमटीची गरज नाही, कागदाच्या मागच्या टोकाला धरूनही जुळते. हीच पट्टी तुझा गार्डही होऊ शकते. तिला बारीक स्प्रिंग देऊन पात्याच्या धारेच्या किंचित पुढं ठेव, शिलाई मशीनचा पाय जसा सुईच्या आधी कापडावर बसतो तशी ती कागदावर आधी बसली पाहिजे. मधात बोट असलं तर आधी बोथट पट्टी दाबेल, पोरगं ‘आऊ’ म्हणून हात ओढेल, धार अजून वरच असेल. कागद आत जायला फट किती ठेवायची? तीन-चार मिलिमीटर पुष्कळ झाली, कागदाला तर अर्धा मिलिमीटरही लागत नाही. पट्टी पारदर्शकच घे, अपारदर्शक गार्ड लावला की पोरगं काय कापतो ते दिसावं म्हणून त्याला वाकवतं नाही तर उपटून फेकतं, मोठे कारागीर मशीनचे गार्ड काढून ठेवतात तेच.

आता जोराचा हिशेब. कात्री म्हणजे तरफ, हे तुला शिकवलं असेल. समज मूठ खिळ्यापासून ६ सेंटिमीटरवर आहे आणि पोरानं २ किलोचा दाब दिला. पात्याच्या टोकाशी, म्हणजे खिळ्यापासून ८ सेंटिमीटरवर, दाब राहतो दीड किलो. पण खिळ्याजवळ दीड सेंटिमीटरवर तोच दाब होतो ८ किलो. सगळे लोक टोकाची काळजी करतात, आणि बोट चेंगरायची सगळ्यात वाईट जागा घशाशी, म्हणजे खिळ्याजवळ पाती जिथं मिळतात त्या कोपऱ्यात असते. जाड पुठ्ठा कापायचा असला की आपण तो मुद्दाम घशात नेतो ते याच्यासाठीच. पण नक्षीच्या कात्रीनं पुठ्ठा कापायचाच नसतो, क्राफ्ट कागद नाही तर फार तर ग्रीटिंगचं कार्ड, म्हणून घशाचा पहिला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर तू सरळ प्लास्टिकनं बुजवून टाक. कापायची ताकद थोडी कमी होईल, होऊ दे.

टोकाचंही पाहून घेऊ. नक्षीच्या कात्रीनं पूर्ण मिटेपर्यंत कापलं तर टोकाशी लाट अर्धी तुटते आणि पुढचा कट जुळत नाही, म्हणून जाणकार टोकाच्या आधीच थांबतात. मग तू टोकाकडच्या पाच-सहा मिलिमीटरला धारच देऊ नको, आणि मुठीत असा स्टॉपर ठेव की तेवढ्यावरच कात्री थांबेल. नक्षीही चांगली येईल आणि टोकानं खुपायचंही संपलं. एका कामात दोन कामं होत असली की डिझाइन बरोबर दिशेनं चाललं असं मी समजतो.

मुठीकडं फारसं कोणी पाहत नाही. तिथं कापत नाही पण चिमटा बसतो, अंगठ्याच्या बुडाची नरम कातडी दोन मुठींच्या मधात सापडते आणि लेकरू कात्री फेकून देते, मग ती शेजारच्याच्या पायावर. खेळण्यांच्या सुरक्षेच्या स्टँडर्डमध्ये बिजागरीसाठी एक मस्त नियम आहे, फटीत ५ मिलिमीटरची सळई जात असेल तर १२ मिलिमीटरचीही गेली पाहिजे, आणि बिजागरीच्या प्रत्येक स्थितीत गेली पाहिजे. म्हणजे फट एक तर इतकी बारीक की बोट जाणारच नाही, नाही तर इतकी मोठी की जाऊन सापडणार नाही, मधली फट म्हणजे सापळा. हा नियम कात्रीसाठी लिहिलेला नाही पण मुठीच्या मधल्या जागेला जशाचा तसा लाव. स्टॉपरवर रबराची गोळी बसव.

खिळ्याला स्क्रू वापरू नको. स्क्रू ढिला होतो, आणि ढिला नाही झाला तर पोट्टे कंपासच्या टोकानं ढिला करतात. साध्या कात्रीत खिळा ढिला झाला तर कागद दुमडतो, इथं लाट लाटेत बसायची असते म्हणून दातावर दात आपटतो आणि बारीक कपच्या उडतात, त्या कपच्या कुठं जातील सांगता येत नाही. खांदा असलेला रिवेट घे, वॉशर टाक. तपासायची जुनी पद्धत अशी, एक मूठ धरून कात्री उघडी आडवी ठेव आणि दुसरी मूठ सोड, धाडकन मिटली तर ढिली, जिथल्या तिथं अडकली तर घट्ट, थोडी मिटून मधातच थांबली तर बरोबर.

पात्याचं सांगतो. बाजारातल्या या कात्र्यांचं पातं पातळ स्टेनलेस पत्र्याचं असतं, डायमध्ये म्हणजे साच्यात दाबून लाट काढलेलं, आणि लाट आली की पातळ पत्राही ताठ होतो, आपल्या टिनाच्या छपरासारखा. दोन्ही पाती एकाच डायमधली पाहिजेत, तरच लाटा एकमेकांत बसतील. पत्रा ४२० ग्रेडचा घे, त्यात क्रोमियम १२ ते १४ टक्के असतं आणि तो कडक करता येतो. भंगारातला ३०४ मिळाला म्हणून वापरशील तर त्याला हार्डनिंग होत नाही, चार दिवसांत धार जाईल. नरम असताना लाट काढ, मग हजार अंशाच्या आसपास तापवून हार्डनिंग, मग टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून परत थोडं तापवणं, हे तुमच्या आयटीआयच्या भट्टीत नाही जमणार, नागपूरला हिंगणा नाही तर बुटीबोरीच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटवाल्याकडं दे. वायरकट, म्हणजे विजेच्या तारेनं डाय कापायचं कामही तिकडंच होईल. पण खरं सांगू का, पहिल्या मॉडेलला पात्यात जीव घालूच नको, दुकानातली कात्री आण, तिची पाती काढ आणि मूठ, गार्ड, स्टॉपर हेच स्वतःचं बनव, थ्रीडी प्रिंटरवर झालं तर उत्तम, नाही तर ॲक्रिलिक घासून. परीक्षक डाय पाहून खुश होतात हे मला माहीत आहे, पण तुझा प्रश्न डायचा नाहीच.

तपासणी लेकरावर करायची नाही, स्वतःच्या बोटावरही नाही. पातळ रबरी हातमोज्याच्या एका बोटात घट्ट मळलेली कणीक भर, गाठ मार, झालं लहान पोराचं बोट. ते घशात घाल, मधात घाल, टोकाशी घाल, तिरपं घाल, आणि प्रत्येक वेळी कात्री झटक्यानं मिट. रबर फाटलं की जागा लिहून ठेव. गार्ड लावून आणि काढून, दोन्ही करून पाह्य, हाच तक्ता प्रोजेक्टच्या फायलीत लावशील तर तोंडी परीक्षेत दुसरं बोलायची गरज पडणार नाही. मग टेबलावरून फरशीवर पाड दोन-चारदा, मुठीला तडा गेला आणि धारदार कडा निघाली तर सगळ्या गार्डचा उपयोग शून्य.

प्रश्न : माझ्या मते हे सगळं थोतांड आहे. कात्री दगडावर घासून बोथट करून द्यावी लेकराले, झाली सेफ. – एक आजोबा, मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : आजोबा, रागावू नका, पण नाही होत. बोथट कात्रीला दुप्पट जोर लागतो, जोर लावताना कागद सटकतो आणि तो सगळा जोर जिथं जाईल तिथं जातो. विळ्याचंही तेच आहे हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. शिवाय नक्षीच्या पात्याचे दात घासले की ते बोथट होत नाहीत, वेडेवाकडे होतात, आणि असा वेडावाकडा दात बोटाला लागला तर जखम फाटल्यासारखी होते.

प्रश्न : माझी मुलगी डावखुरी आहे. साध्या कात्रीनं कसंबसं कापते पण नक्षीच्या कात्रीनं कागद नुसता चावल्यासारखा होतो आणि ती रडते. सासूबाई म्हणतात उजव्या हाताची सवय लाव. – आई, लाखनी तालुका, भंडारा

उत्तर : सवय लावू नका, कात्री बदला. उजव्या हाताच्या कात्रीत वरचं पातं उजवीकडं असतं. उजवा हात मिटताना अंगठा आणि बोटं नकळत पात्यांना एकमेकांकडं दाबतात. तोच दाब डाव्या हातात उलटा पडतो, पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात, फट होते आणि कागद दुमडतो. नक्षीच्या कात्रीत फट चालतच नाही म्हणून तिथं जास्त त्रास. वरून तिला कापायची रेघही दिसत नाही, वरच्या पात्याच्या मागं लपते, मग ती मान वाकवून कागद डोळ्याजवळ आणते, हे काही चांगलं नाही.

डावखुऱ्यांची कात्री म्हणजे पाती उलटी बसवलेली, आरशात दिसते तशी. ‘दोन्ही हातांना चालते’ असं पाकिटावर लिहिलेली बहुतेक वेळा नुसती मूठ दोन्हीकडं सारखी असते, पाती उजवीचीच, त्यामुळं पाकीट वाचू नका, कात्री समोर धरून वरचं पातं कोणत्या बाजूला आहे ते पाहा, तिच्यासाठी ते डावीकडं पाहिजे. गावात मिळणार नाही, नागपूरला किंवा ऑनलाइन मागवा. तोवर पोरीला सांगा की कापताना अंगठा बाहेर ढकलायच्या ऐवजी किंचित तळहाताकडं ओढायचा, त्यानं पाती जवळ येतात, थोडं तरी जमेल. आणि सासूबाईंना सांगा की कात्री उजव्या हाताची आहे, नात नाही.

प्रश्न : आमचा बचत गट बैलाच्या झुली शिवतो. कापडाच्या कडेला झिगझॅग कात्री वापरतो, लोखंडी आहे, जुनी, वजनदार. संध्याकाळपर्यंत अंगठ्याचा भाग बधिर होतो. धारही गेली, साणवाला म्हणतो मी लावून देतो. देऊ का? आणि हे झिगझॅग कापल्यानं खरंच दसे निघत नाहीत का? – दारव्हा तालुक्यातल्या काही जणी

उत्तर : शेवटचं आधी सांगतो. कापडाचे धागे उभे-आडवे असतात, सरळ कापलं तर कडेचा एक आख्खा धागा सुटून लांबच लांब निघत येतो. झिगझॅग कापलं की कड तिरपी होते, धागा निघाला तरी दाताच्या उंचीएवढा तुकडाच निघतो. दसे पूर्ण बंद होत नाहीत, कमी होतात, आणि घट्ट विणीच्या सुती कापडावर जास्त चांगलं चालतं. झूल धुतली जाणार असेल तर कड दुमडून शिवाच. ही कात्री नवीन नाही बरं, अमेरिकेत लुईझ ऑस्टिन नावाच्या बाईनं १८९३ मध्ये अशा कात्रीचं पेटंट घेतलं होतं.

साणवाल्याला देऊ नका. त्याचं चाक सपाट धारेसाठी आहे, त्यावर दात घासले की वरच्या पात्याचे दात खालच्या पात्यात बसणार नाहीत आणि कात्री कायमची जाईल. पात्यावर चिकट साचलं असेल तर आधी कापसाला थोडं रॉकेल नाही तर मशीनचं तेल लावून दाताच्या खाचा पुसा, खिळ्यात तेलाचा एक थेंब सोडा, निम्म्या वेळा धार गेली वाटते ती एवढ्यानंच परत येते. ॲल्युमिनियमची फॉइल घडी करून कापायचा उपाय लोक सांगतात, त्यानं चिकटपणा आणि धारेवरची बारीक खरखर निघते, खरी धार येत नाही. धार खरंच गेली असेल तर झिगझॅग कात्रीच्या धारेचं मशीन ज्याच्याकडं आहे त्यालाच द्या, शहरातल्या शिलाई मशीनच्या दुकानात विचारलं तर पत्ता मिळतो.

आता बधिर अंगठा. जुन्या लोखंडी कात्रीची कडी गोल आणि अरुंद असते, सगळा दाब अंगठ्याच्या एका हाडावर येतो, आणि तिथल्या नसेवर दिवसभर दाब राहिला की बधिरपणा येणारच. फिनलंडच्या फिस्कार्स कंपनीनं १९६७ मध्ये नारिंगी प्लास्टिकच्या मुठीची कात्री काढली, तिची मूठ हाताच्या आकाराची होती, दाब पसरतो आणि वजनही कमी, पुढं सगळ्यांनी तीच पद्धत उचलली. तुमची कात्री चांगल्या लोखंडाची असेल तर फेकू नका, मेरठच्या कात्र्या पिढ्यान् पिढ्या चालतात आणि २०१३ मध्ये त्यांना जीआय टॅगही, म्हणजे त्या गावच्या मालाची सरकारी ओळख, मिळाला. कडीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, दोन वेढे, आतून गाठ येऊ देऊ नका. कापताना खालचं पातं टेबलावर टेकवून चालवा, हवेत धरून नाही, म्हणजे वजन टेबल उचलेल. आणि कापायचं काम एकीकडंच ठेवू नका, अर्ध्या-पाऊण तासानं पाळी बदला. बधिरपणा रात्री झोपेतही जाणवत असेल तर मात्र ट्यूब-बिब सोडा, डॉक्टरला दाखवा.

प्रश्न : दुकानदार ‘सेफ्टी कात्री’ म्हणून विकते, पाकिटावर इंग्रजीत लिहूनही असते. आयएसआय मार्क पाहावा का? – पालक, आर्वी

उत्तर : खेळणं म्हणून विकलेली वस्तू असेल, १४ वर्षांखालच्या लेकरांसाठी, तर १ जानेवारी २०२१ पासून तिच्यावर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो पाहाच. पण स्टेशनरीच्या दुकानात सुटी टांगलेली कात्री आणि नुसता ‘सेफ्टी’ शब्द, तो कोणीही छापू शकतो. वर दर्यापूरच्या ताईंना सांगितलं तसं स्वतः पाहून घ्या. एक आणखी, स्प्रिंगनं आपोआप उघडणारी कात्री मिळते, कमजोर हाताच्या लेकरांसाठी चांगली असते, पण ती दप्तरातही उघडीच राहते, म्हणून लॉक किंवा टोपण असलेलीच घ्या. टोपण पहिल्या आठवड्यात हरवेल, तेव्हा जुन्या पेनाची जाड नळी कापून चढवायच्या भानगडीत पडू नका, ती निघून पडते, सरळ रबरबँड मुठीला दोनदा गुंडाळून ठेवा.